विरजण लावलेला हिरा

तंजावरात हिऱ्याचा जन्म डोळ्यांनी पाहिलेला एकच मनुष्य होऊन गेला, तो म्हणजे माझे मामा. निदान सांगायचे तरी असे, की पृथ्वीच्या पोटात दीडशे किलोमीटर खाली ते स्वतः कंदील धरून उभे होते. हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, त्यांची जीभ मात्र झाली नाही. पापनाशमच्या बसमध्ये शेजाऱ्याला पेन्सिलीचं टोक दाखवायचे, "हे आणि हिरा सख्खे भाऊ! एकच कार्बन. एकाने खोलवरचा दाब नि आच सोसली, ज्वालामुखीने त्याला वर फेकलं. दुसरा बसलाय वहीवर झिजत!" शेजारी बहुधा एक थांबा आधीच उतरून जाई.

अशा माणसाच्या बायकोच्या सात हिऱ्यांच्या कुडीतला एक खडा तिरुवैयारुला कावेरीत स्नान करताना गेला. मुलीचं लग्न महिन्यावर. मामी हटून बसली, "असं खिंडार घेऊन मी मांडवात यायची नाही."

मामांनी प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा आणला. "हाही खराच गे! दह्यासारखा. हिऱ्याची कपची विरजण म्हणून ठेवतात, तापलेल्या वायूतला कार्बन तिच्यावर थराथराने बसतो. काही आठवड्यांत तयार!"

"अय्यो! जमिनीतला कोट्यवधी वर्षं तप करून येतो. या तान्ह्या पोराला कसलं नशीब? तीन दिवस पाहू."

आमच्याकडे हिरा पसंत करण्यापूर्वी तीन दिवस घरात ठेवतात. तेवढ्यात काही वाईट घडलं, तर खडा परत. मला वाटलं, मामा या परीक्षेला हसतील. त्यांनी घरावर पहाराच बसवला! दूध उतू जाऊ नये म्हणून चुलीपाशी ठाण मांडलं. शिंक आली की तोंडात टॉवेल कोंबून परसात धावले. पहिल्याच संध्याकाळी असे धावताना घसरले आणि घोटा भोपळ्याएवढा सुजला. "चकार शब्द काढलास तर बघ!" मला दरडावलं. मग तीन दिवस वेष्टी, म्हणजे आमच्याकडचं लुंगीवजा धोतर, पावलांपर्यंत सोडून ते गात फिरले. कळ जितकी मोठी, तितका सूर वरचा. कावेरीपलीकडच्या म्हशी आटल्या म्हणतात.

चौथ्या दिवशी मामीने खडा बसवायला दिला. लग्नात तिचे कान असे झळकले, की फोटोवाल्याने आपले दिवे मालवले.

मामा जाऊन आता दोन वर्षं झाली. परवा मामीच्या हातची कापी पिताना मी त्या घोट्याचं गुपित फोडलं. ती हसली.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं मला."

"तरी खडा ठेवलास?"

"माझ्यासाठी कळ सोसून तीन दिवस गात हिंडणारा नवरा घरात होता. त्यात वाईट काय घडलं रे?"

बोलता बोलता तिचं बोट कानाशी गेलं. सातांतल्या नेमक्या त्याच खड्यावर, न चाचपता.