फोटोतला आणि मांडवातला

सोलापुरात कॉलेजात असताना मी आणि माझी मैत्रीण शैला त्या इंग्रजी गुप्तहेराचा एकही सिनेमा सोडत नव्हतो. पण नव्या सिनेमात हिरोच बदलला आणि आमचं बिनसलं. शैलाला नवा मुळीच चालेना, मला तो जुन्यापेक्षा देखणा वाटायचा. तिकिटाच्या रांगेतही आम्ही इतक्या भांडलो, की मी रांग सोडून घरी निघाले.

आमच्या पुढे एक बाई होत्या. इरकली लुगडं, डोक्यावर पदर, तोंडात पान. त्यांनी माझा हात धरला आणि पान सावकाश एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं.

"कशाला भांडताय गं? मला लग्नाआदी फोटो दाखवला एकाचा, आन् मांडवात हुबा दुसराच."



"मग तुम्ही काय केलंत?" शैलाने विचारलं.

"लई रडले. लई दीस बोलले न्हाय. मग एकदा मला ताप आला, तर ह्यांनी भाकऱ्या थापल्या. वाकड्यातिकड्या. तवापासनं ह्योच बरा वाटाय लागला की."

तेवढ्यात शेंगदाण्याची पुडी घेऊन एक बुटके, टकले गृहस्थ आले. बाईंनी आधी त्यांच्या सदऱ्याची कॉलर नीट केली.

शैलाला राहवेना. तिने हळूच विचारलं, "आणि फोटोतला?"

"त्यो माझा थोरला दीर," बाई म्हणाल्या. "दिसाय राजबिंडा हाय. भाकरी गरम न्हाय म्हनून ताट भिरकावतो."

खिडकी उघडल्यावर शैलाने दोन तिकिटं काढली आणि एक माझ्या हातावर ठेवलं.