महिपतकाकांचा नकाशा

शांती नगरात पत्ता विचारला आणि महिपतकाका ‘माहीत नाही’ म्हणाले, असं पंधरा वर्षांत एकदाही झालं नव्हतं. काका कुरियरवाले. आमच्या सगळ्या इमारती एका साच्यातल्या, विंगांची अक्षरं पुसलेली. पण काकांना नुसतं आडनाव सांगा. मजला, डावं-उजवं, घरी कोण असेल, सगळं तोंडपाठ. याचा त्यांना भारी तोरा होता आणि मला तो तोरा फार आवडायचा.

२००९ची गोष्ट. माझा चार कॉम्प्युटरांचा सायबर कॅफे होता. लोकांनी मिळून भरायचा एक नकाशा इंटरनेटवर सुरू झाला होता. फुकट, कुणीही भर घालावी. त्यात आमचं मीरा रोड म्हणजे स्टेशन, एक रस्ता, बाकी पांढरं. मी काकांना दाखवलं, तर ते दुखावलेच.

“म्हणजे आपण इथे राहतच नाय काय?”

झालं. दर रविवारी त्या नकाशाच्या एका स्वयंसेवकाकडून आणलेलं जीपीएसचं यंत्र हातात धरून काका गल्लीबोळ पालथे घालू लागले. मग माझ्याकडे बसून एका बोटाने टाइप करायचे. महिन्याभरात अर्धं शांती नगर नकाशावर आलं. कौतुकाच्या भरात मी नीट बघितलंच नाही, हा माझा गाढवपणा.

एके दिवशी बघितलं. ‘चंपा आजी, बेल जोरात वाजवा.’ आणि खाली, ‘उर्मिला, सी विंग, तळमजला. एकटीच असते, दुपारी नक्की भेटते.’

उर्मिला ब्लाउज शिवायची. मारझोड करणाऱ्या नवऱ्याला सोडून आली होती आणि कुठे राहते हे तिने एका बहिणीखेरीज कुणाला कळवलं नव्हतं. आमच्या गल्लीला ठाऊक होतं, पण गल्लीने ते पोटात ठेवलं होतं.

“काका, हे काय करून ठेवलंत? अख्ख्या जगाला दिसतंय हे!” मी ओरडलेच.

“अगं मिनल, नंबराने घर सापडतं काय? आमच्या रत्नागिरीच्या वाडीत माणसाचं नाव हाच पत्ता.”

“आणि तिच्या नवऱ्याने बघितलं तर?”

काकांचा चेहरा उतरला. त्याच बैठकीत त्यांनी एकूण एक नाव काढलं. पण त्या नकाशात जुनं लिहिलेलंही मागे साठून राहतं. मी नकाशा सांभाळणाऱ्यांना ईमेल केलं, त्यांनी दोन दिवसांत तेही पुसलं. तरी ती ओळ बारा दिवस उघडी होती. कुणी वाचली, कोण सांगणार?

“उर्मिलाला सांगू नका, उगाच घाबरेल,” मी म्हटलं. काकांनी ऐकलं नाही. तिच्या दारात उभं राहून, हात जोडून त्यांनी सगळं सांगितलं. मग तिने एवढंच विचारलं, “काका, आता कुणी विचारत आलं तर?”

पंधरवड्याने एक माणूस फोटो घेऊन आला. नकाशा बघून आला की कुणी नातेवाईक बोलला, देव जाणे. काका माझ्या दुकानाच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

“उर्मिला नाव, शिवणकाम करते. लोक म्हणाले, तुम्हाला सगळे पत्ते ठाऊक आहेत.”

काकांनी फोटो नीट बघितला. “माहीत नाही.”

“कसले कुरियरवाले तुम्ही? एक पत्ता सांगता येत नाय!”

“वय झालं हो. आता लक्षात राहत नाय.”

मला त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. काका मात्र मान खाली घालून ऐकत राहिले, दोन्ही हात पिशवीवर घट्ट दाबून. तो स्टेशनच्या दिशेने दिसेनासा झाला, तेव्हा कुठे त्यांनी हात उचलले. अगदी वर उर्मिलाच्या बहिणीचं, उर्मिलाचं नाव-पत्ता लिहिलेलं पाकीट होतं.

ते घेऊन काका उठले आणि लांबच्या वाटेने सी विंगकडे गेले.