बैलाएवढे डोळे आणि शाळेची भिंत

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्ये कोणी तोंड घालायचं नाही. चहा घ्या आणि ऐका. भर सभेत माझी कशी शोभा झाली, ते दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं. दुसरे वाढवून सांगतात. मी वाढवत नाही.

मी पेंटर. चोरखमाऱ्याच्या तलावाकडे आमचं गाव. झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे मी रंगवायचो. राजवाडा, जंगल, रस्ता, झोपडी. माझ्या जंगलातला वाघ पाहून एका गावात पहिल्या रांगेतला माणूस चप्पल सोडून पळाला होता. खोटं वाटत असेल तर त्या चपलेला विचारा.

शिक्षण चौथी. इंग्रजी वाचता येत नाही, पण काढता येते. हा फरक ध्यानात ठेवा. दवाखाना, बँक, खताचं दुकान, सगळ्यांचे इंग्रजी बोर्ड मी नमुना पाहून काढले. अक्षर म्हणजे माझ्यासाठी चित्रच. आजपर्यंत एक अक्षर चुकलं नाही.

मग फ्लेक्स आला आणि माझे ब्रश वाळले.

तिरोड्याला वीजकेंद्राच्या चिमण्या उभ्या राहिल्या, त्या सुमाराला आमच्या शाळेची रस्त्याकडची भिंत रंगवायचं ठरलं. विषय दिला, मेहनत. पोरांनी येता-जाता पाहावं आणि शिकावं. बातमी फुटली तसा तिरोड्याचा फ्लेक्सवाला बंटी मोटारसायकलवर हजर.

"काका, हाथ का काम अब कौन देखता है? मैं दो घंटे में छाप के लगा दूँगा. फूल भी, फोटो भी."

"तुझा फ्लेक्स पहिल्या वादळात तलावात पोहत दिसेल," मी म्हणालो.

हेडमास्तर मध्ये अडकले. शेवटी म्हणाले, "आबाजी, भिंत तुमाले दिली. पण सव्वीस जानेवारीले तालुक्याच्या शिक्षणवाल्या मॅडम येऊन राहिल्या. त्याहीले पसंत पडली तं आजूबाजूच्या साऱ्या शाळांच्या भिंती तुमच्या. नाही पडली तं त्याच दिवशी तिच्यावर बंटीचा फ्लेक्स लागन."

समजलं? माझी भिंत राहणार, नाहीतर झाकली जाणार. आणि भिंत झाकली म्हणजे पेंटर झाकला.

आता मेहनत काढायची कशी? नांगर धरलेला माणूस काढला तर पोरं म्हणतील, हा आमचा बाप, यात नवीन काय? दोन दिवस चुना लावलेल्या भिंतीसमोर बसून राहिलो. भिंत माझ्याकडे पाहते, मी भिंतीकडे.

तेव्हा मला पौर्णिमाचं पुस्तक आठवलं.

पौर्णिमा माझी नात. तिरोड्याच्या कॉलेजात शिकायची, आणि वह्यांच्या मागच्या पानांवर चित्रं काढायची. नागपूरच्या मैत्रिणीने तिला एक जपानी चित्रांचं पुस्तक दिलं होतं. नुसती चित्रंच चित्रं, आणि थोडं इंग्रजी. दिवाळीत ती ते घेऊन माझ्याजवळ आली होती.

"आबाजी, एका चित्रकाराची गोष्ट आहे. पाहून तं घ्या."

मी दोन पानं पाहिली आणि म्हणालो, "ही काय चित्रं आहेत? डोळे बैलाएवढे, नाकाचा पत्ता नाही. रंग तर नाहीच. असल्या पुस्तकात वेळ घालवू नको."

तिने पुस्तक पत्र्याच्या पेटीत ठेवलं.

आता तेच पुस्तक मला पाहिजे होतं. मागू कसं? बोलून बसलो होतो! आणि मी बोललेला शब्द मागे घेत नाही. मग काय केलं? चोरी. पौर्णिमा सकाळच्या बसने गेली की पेटीतून काढायचं, ती यायच्या आत परत ठेवायचं. या वयात! तीही नातीच्या पेटीतून!

पुस्तक उघडलं. जसं शहाणा माणूस उघडतो तसंच उघडलं. यात काही चुकलं का? तुम्हीच सांगा.

पहिल्याच पानावर एक पोरगी हात आडवा करून उभी, बाजूला मोठाली इंग्रजी अक्षरं, खाली एक बाण. हे गोष्टीचं नाव, मी ओळखलं. पुढच्या पानांवर मोठा हॉल, लोक टाळ्या वाजवतात, मध्ये चष्मेवाला चित्रकार. मग तोच माणूस टेबलावर डोकं धरून बसलेला. मग कोणी साहेब त्याचे कागद त्याच्या अंगावर परत टाकतो. मग तो एका खोलीत उभ्याने शेवया खातो. मग घर सोडतो. शेवटी एक शेंबडं पोर कोळशाने भिंतीवर रेघोट्या ओढतं आणि त्याचा बाप त्याचा कान पिळतो.

मी अर्थ लावला. मोठा चित्रकार होता. टाळ्या मिळाल्या, गर्व झाला, मेहनत सोडली. मग उतरला, कागद परत यायला लागले, उपाशी पडला. कान पिळणारा तोच, आता म्हातारा. पोरगं त्याचं. वाया गेलेलं.

गर्वाचं घर खाली! काय शिकवण! मी त्यावर पाच मिनिटांचं भाषणही पाठ केलं. गर्व किती वाईट, हे लोकांना सांगायला माझ्याहून लायक माणूस गावात कोण होता?

निळीत भिजवलेलं सूत ताणून भिंतीवर झटकलं आणि एका ओळीत नऊ चौकोन पाडले. समोर माझा जुना राजवाड्याचा पडदा टांगला. काम पुरं झाल्याशिवाय कोणी पाहायचं नाही.

घरची म्हणाली, "भिंतीले पडदा कायले? भिंत काय नवरी आहे?"

"सव्वीस तारखेला तोंड दिसेल," मी म्हणालो.

पहिल्या चौकोनात ती पोरगी, बाण आणि इंग्रजी अक्षरं काढली. लाल रंग, पिवळी किनार. एक अक्षर चुकलं नाही. पुढे खरं सांगतो, ते बैलाएवढे डोळे काढताना हात रंगला. एका रेघेत रडणं, एका रेघेत हसणं. चाळीस वर्षांत मला हे कोणी दाखवलं नव्हतं. पण हे मी कोणाला बोललो नाही.

शेवटच्या चौकोनाखाली ठळक सही केली. नाव, आणि त्याखाली, 'चाळीस वर्षांचा अनुभव'.

सव्वीस जानेवारी. झेंडा झाला. मॅडम भिंतीजवळ आल्या, मागे सारा गाव. बंटी गुंडाळलेला फ्लेक्स मोटारसायकलला बांधून तयारच होता. पडदा ओढला. टाळ्या! रंगच तसे होते.

मी भाषणासाठी घसा साफ केला. मॅडमनी चष्मा लावला आणि पहिला चौकोन मोठ्याने वाचला. आधी इंग्रजीत. मग थांबल्या. मग पोरांना कळावं म्हणून मराठीत सांगितलं.

"थांबा! तुम्ही चुकीच्या टोकाला आहात. गोष्ट दुसऱ्या टोकापासून सुरू होते."

 झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती, तेवढाच आवाज.

पहिला हसला बंटी. "काका ने तो खुद दीवार पे लिख दिया, कि ग़लत है!"

मग सारा गाव हसला. हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. बंटी फ्लेक्सची दोरी सोडायला लागला. मी गर्दीत पौर्णिमाकडे पाहिलं. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं होतं, आणि तिचे डोळे, काय सांगू, त्या पुस्तकातल्यासारखेच झाले होते!

तेव्हा मला कळलं की जपानी माणूस पुस्तक उजवीकडून उघडतो. आणि त्याने ते पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं. आणि मी ते हातभर उंचीच्या अक्षरांत गावाला लिहून दिलं होतं.

दुसरा कोणी पळाला असता. मी मिशीवर हात फिरवला.

"बरोबरच लिहिलं आहे," मी म्हणालो. "गोष्ट तिकडून आहे. चला."

आणि चालायला लागलो. लोक मागे आले. त्या टोकाला शेजाऱ्याचा उकिरडा आणि एक बांधलेली म्हैस, हे माझ्या ध्यानात नव्हतं. मॅडम साडी उचलून शेणातून जपून पाय टाकत आल्या. पोहोचल्या, आणि म्हणाल्या, "सांगा बाबा गोष्ट."

मला पाठ होती ती उलटी! मी पुन्हा मिशीवर हात फिरवला.

"मी सांगतो," पौर्णिमा पुढे आली. तिने शेंबड्या पोरावर बोट ठेवलं. "हा लहान आहे. चित्र काढते म्हणून बाप कान पिळते. मोठा होऊन घर सोडते. शेवया खाऊन राहते, पण रोज काढते. साहेब कागद परत फेकते. हा घरी येते, डोकं धरून बसते, आणि सकाळी पुन्हा काढाले लागते. कोणी पाहो का न पाहो."

एक पोरगी म्हणाली, "ताई, इतके परत आले तं सोडून काऊन नाही देलं त्यानं?"

"त्याले आवडे ना बाई!"

बोलत बोलत ती हॉलच्या टाळ्यांपर्यंत आली आणि तिथे गावानेही टाळ्या वाजवल्या. कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या पडद्यातल्या वाघाला पण अशा टाळ्या मिळाल्या नव्हत्या.

मॅडम पुन्हा त्या इंग्रजी अक्षरांजवळ येऊन उभ्या राहिल्या. "बाबा, किती विचार केलात! सगळ्यांना यशाकडूनच सुरुवात करायची असते. तुम्ही भिंतीवरच अडवलंत."

"हो," मी म्हणालो. एका शब्दात जेवढं खोटं मावतं तेवढं बोललो.

भिंत राहिली. आजूबाजूच्या शाळांच्याही मिळाल्या. बंटी फ्लेक्स परत बांधताना म्हणाला, "मान गए काका, क्या दिमाग़ है!"

घरी जाताना पौर्णिमा म्हणाली, "आबाजी, माझं पुस्तक?"

"कोणतं पुस्तक?"

"ज्याच्यात नाकाचा पत्ता नाही, ते."

भाषणाला आधार म्हणून त्या दिवशी ते सदऱ्याखालीच होतं, काढून दिलं. थोडं चाललो. मग म्हणालो, "पुढच्या भिंतीला तू ये. डोळे तू काढ."

ती हसली. "येतो. पण तुमी सही पायली का कोठी हाय ते?"

मी तसाच मागे फिरलो. पाहिलं.

सही मी शेवटाला केली होती. पण शेवट आता सुरुवात झाला होता. शेंबडं पोर, हातात कोळसा, कान बापाच्या मुठीत. आणि बरोबर त्याखाली, ठळक अक्षरांत, माझं नाव. चाळीस वर्षांचा अनुभव.

पुसायला चुना घेऊन गेलो होतो. पण मॅडमनी त्याआधीच सहीसकट फोटो काढून नेला होता, आता भिंत फोटोसारखीच राहायला पाहिजे होती. आता शाळेत जाताना पोरं त्या शेंबड्याला रोज नमस्कार करतात, "नमस्कार पेंटर आबाजी!" मी बाजूलाच उभा असतो. माझ्याकडे कोणी पाहतही नाही.