ओयीजानचा कोरडा वाफा

आमच्या उझबेकिस्तानातल्या बोयसुन गावात नव्या सुनेनं उजाडायच्या आत अंगण झाडून पाणी शिंपडायचं असतं. मी जूनमध्ये लग्न होऊन आले. सासू, म्हणजे आमची ओयीजान, आठवड्याभरात लेकीच्या बाळंतपणाला तेर्मेझ शहरी गेली. भिंतीलगत एक उघडा, भेगाळलेला तुकडा होता. तो मला मेला डोळ्यांत खुपायचा. लोक मलाच आळशी म्हणतील! तिथं मी रोज दोन बादल्या जास्तीच्या ओतायची.

सप्टेंबरात एका पहाटे शेजारची हनिफा खाला भिंतीवरून ओरडली, "अगं बये, काय करतेस! खाली तुझ्या सासूचे ट्यूलिप झोपलेत. उन्हाळ्यात पाणी लागलं की त्यांचे जमिनीतले कांदे सडतात!"

माझ्या हातातली बादलीच सुटली.

ओयीजाननं तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात हंडे घासले, एकटीनं दोन मुलगे आणि एक लेक वाढवली. स्वतःच्या हौसेचं म्हणाल तर एवढंच, पानांवर जांभळ्या रेघा असलेले डोंगरातले ट्यूलिप. गावात दुसऱ्या कुणाच्या अंगणात ते नव्हते. आणि थोरल्या सुनेला तिनं लग्नानंतर चौथ्याच महिन्यात कायमचं माहेरी धाडलं होतं. माझा चौथाच चालू होता.

"तुम्ही सांगा ना," मी नवऱ्याला म्हटलं.

"छे गं बाई! तुझं तू बघ," म्हणून सारदोर कामावर पळाला. भित्रा कुठला!

ओयीजान ऑक्टोबरात परतली. ती अंगणात उतरली की मी काही ना काही निमित्तानं तिला आत बोलवायची. एका दुपारी ती खुरपं घेऊन वाफ्याशी बसली.

"ओयीजान, आज नको. वारा फार आहे."

"वाऱ्याला मी कधीपासून भ्यायला लागले?"

तिनं माती उकरली. हाताला काळा, घाण वासाचा चिखल लागला. ती आणखी खोल उकरत गेली. सगळीकडे तेच.

"मी रोज पाणी ओतलं," मी म्हटलं. "मला ठाऊक नव्हतं हो!"

चिखलाच्या हातानंच तिनं डोळे पुसले. त्या रडण्याची मला ओरडण्याहून जास्त भीती वाटली.

"बोचकं बांधू का माझं?" मी विचारलं.

ती उठून घरात गेली, कागदाची पुडी घेऊन आली आणि माझ्या हातावर ठेवली.

"यंदाचं बी आहे. दुसरा वाफा कर, बोटभर खोल पेर. फूल यायला सात वर्षं लागतात."

"मी पेरू?"

"मग कोण? सात वर्षांत कुठं जायची घाई आहे का तुला?"

"नाही," म्हणाले मी, आणि तिथंच मातीत बसून हमसून हमसून रडले.