आर्णीला लागलेलं जहाज

"काय शेठ, लागलं का जहाज?"

माझ्या डाळ गिरणीच्या दारात उभं राहून नायक हेच विचारायचे आणि मोझांबिकच्या तुरीच्या पोत्याला पायानं ढोसायचे. आर्णीपासून समुद्र कुठल्या कुठे! हमाल हसायचे, मला राग यायचा. त्या रागापायी मी त्यांचा शब्द मातीत घातला. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझी बाजू घेणार नाही.

ते शेजारच्या बंजारा तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख. त्यांनी निवाडा दिला की तांड्यात पुढे कोणी बोलत नसे. मोझांबिकशी सरकारचा करार झाला, तिकडची तूर बंदरात उतरू लागली, इकडचे भाव पडले, तशी त्यांची जीभ आणखी तिखट झाली. बाजार समितीच्या सभेत ते माझ्याकडे बोट दाखवूनच बोलत.

मी म्हणायचो, "नायक, दोन देशांचा व्यवहार आहे. तिथंही शेतकरीच पिकवतो ना?"

"त्याच्याशी माह्यं भांडन नाही. मधात तू बसून राह्यला, तुह्याशी हाय! आमच्या बापजाद्यायनं बैलाच्या पाठीवर मुलूखभर धान्य वाह्यलं. धंदा आमाले नको शिकवू. पन ज्याचं धान्य, त्याच्याच नावानं इकलं."

तरी नातीच्या लग्नासाठी त्यांनी तूर भरडायला माझ्याकडेच आणली. मांडवात वरण घरच्या तुरीचंच, ही त्यांच्या घरची रीत. "दुसरी गिरनी जवळ असती तं तुह्यं तोंड पाह्यलं नसतं," हेही ऐकवलं.

ऐन वेळी गिरणीची मोटार जळाली. त्यांची तूर तशीच पडून राहिली. लग्नाच्या सकाळी मी मोझांबिकच्या तुरीची तयार डाळ भरून दिली आणि काही बोललो नाही. एक पोतं तेवढं बदलायचं राहिलं.

पंगतीत वराकडच्या एकानं तेच रिकामं पोतं उचलून धरलं. वर परदेशी बंदराचा शिक्का. "सभेत आफ्रिकेले शिव्या, अन् मांडवात आफ्रिकेचं वरन! नायक, घरची तूर इकली काय?" सगळा मांडव हसला.

नायक माझ्या पानापुढे येऊन उभे राहिले. "शेठ, सांग या लोकायले. मी तुह्याकडं कोनती तूर आनलती?"

मी भात कालवत राहिलो. घाबरलो होतो, हे अर्धं खरं. त्यांची मान खाली गेलेली पाहून मला बरं वाटलं, हे उरलेलं अर्धं.

पुढे ते निवाड्याला बसले की कोणीतरी म्हणायचंच, "पयले डाळ कोनाची ते सांगा." त्यांनी बसणं सोडलं. गिरणीतही आले नाहीत. मोटार दुरुस्त झाल्यावर त्यांची डाळ टेम्पोनं पाठवली, ती तशीच परत आली. नवी पोती उतरली की हमाल दाराकडे बघायचे. कोणीच काही विचारत नसे.

होळीला सगळा तांडा जमतो, म्हणून मी होळीलाच गेलो. नायक एकटेच ओट्यावर होते. सगळ्यांपुढे जायचा धीर झाला नाही; मी तिथंच हात जोडले. "नायक, माफ करा."

"माह्या कानात कायले सांगून राह्यला? हसले ते तिकडं हायेत."

मी होळीपाशी जाऊन उभा राहिलो. डफ थांबले.

"लग्नात जेवलात ती डाळ मोझांबिकची होती. नायकांनी घरचीच तूर आणली होती. बदलली मी. त्यांनी विचारलं तेव्हा गप्प बसलो, तोही मीच. माझं चुकलं."

मागून नायकांचा आवाज आला, "मोठ्यानं."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.