मासळी घेऊन कोण आलं

नवरा गेल्यावर भेटायला येणाऱ्या बायका मला आडून आडून एकच विचारायच्या, रडलीस का? रडले नव्हते. कामं होती. बँकेत जायचं होतं, गॅसचं कनेक्शन त्याच्या नावावर होतं, वाडीतली चिकूची तोडणी अर्ध्यात थांबली होती. सकाळी कागदावर कामं लिहायची आणि संध्याकाळपर्यंत एकेक खोडायची, ही माझी लग्नाआधीपासूनची सवय. तीच चालू ठेवली. तेराव्यानंतर मुलगी पुण्याला नोकरीवर परत निघाली. दारात म्हणाली, "आई, तू बरी आहेस ना?" मी म्हटलं, "डबा घेतलास का?"

एक काम मात्र खोडता येत नव्हतं. आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं जेवण. मुलगा गेल्यापासून त्या पेजेवर होत्या, तीही अर्धी वाटी. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून सलाइन लावावं लागेल. मी आग्रह केला की आई म्हणायच्या, "मासळीशिवाय घास उतरत नाही गं."

आणि मासळी तर घरात येऊ शकत नव्हती. आमच्या घरची रीत अशी की माणूस गेलं की चुलीवर मासा चढत नाही. तेरावं उरकलं तरी नाही. बाईच्या माहेरचं कुणीतरी मासळी घेऊन येतं, ती इथल्याच चुलीवर शिजते, आणि पहिला घास ते माणूस तिला भरवतं. मग घर मोकळं होतं.

मी आईंच्या माहेरी, झाई गावी, त्यांच्या भावाला फोन लावला. माहेरचे म्हणून तेवढेच उरलेत.

"मामा, बुधवारी या. ओले बोंबील आणा, आईंना दात नाहीत. सकाळचीच बस पकडा, उन्हात खराब होतील."

"बोंबील कुठल्या होडीचे आणू तेही सांग," मामा म्हणाले.

बुधवारी ते आले. मी बोंबील साफ केले, पाट्याखाली दाबून पाणी काढलं, तांदळाच्या पिठात घोळवून पहिला घाणा तव्यावर सोडला. वास घरभर झाला. मामा आईंच्या समोर बसले, तुकडा मोडून पुढे केला. "घे ताई."

आईंनी तोंड फिरवलं. "हिचं कोण आलं?"

"कुणाचं?"

"सुनेचं. नवरा तिचा गेला. तिच्या माहेरचं कोण आलं मासळी घेऊन?"

मी तव्यापासून म्हटलं, "आई, माझं राहू द्या. माझं काही अडलेलं नाही."

मला खरंच तसं वाटत होतं. माझं माहेर तलासरीकडचं, झरीचं. आईवडील गेले, घराला कुलूप आहे. भाऊ वापीला असतो. काही लागलं तर सांग, असं तो फोनवर म्हणाला होता आणि काही नको, असं मीच सांगितलं होतं. मासळी बंद आहे ती आईंची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"तिच्याआधी मी तोंड लावणार नाही," आई म्हणाल्या.

मामा चिडले. "एवढ्या उन्हात पिशवी सांभाळत आलो मी! लहानपणापासून हट्टी तू."

"आणि तू लहानपणापासून रडका. तूच हो तिचा बाप. जा बाहेर, परत ये."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी गॅस बारीक केला. त्यांनी चाळणीतले उरलेले कच्चे बोंबील पिशवीत भरले, चपला घातल्या आणि फाटकाबाहेर गेले. तिथे तोडणीच्या बायका चिकू निवडत बसल्या होत्या.

"मामा, न जेवता निघाले?"

"निघालो कुठे? आता तर येतोय."

बायका हसल्या. मग फाटक वाजलं. "बाय, घरात आहेस का?"

"या मामा," मी म्हटलं.

"मामा नाही!" आई आतून ओरडल्या.

"या बाबा."

ओली पिशवी मी हातात घेतली. बोंबील पुन्हा धुतले, पिठात घोळवून तळले. मामांनी मला पाटावर बसवलं आणि पहिला घास भरवला. पीठ माझ्या हनुवटीला लागलं. मला चव कळली नाही. गरम आहे, एवढं कळलं. काही तुटेल आत, रडू येईल, असं वाटून मी क्षणभर थांबले. काहीच आलं नाही. आईंचं लक्ष माझ्या तोंडाकडे होतं, म्हणून चावून गिळलं आणि दुसरा घास स्वतःच्या हाताने घेतला.

"खाल्लं का?" आईंनी विचारलं.

"खाल्लं."

मग त्यांनी भावापुढे तोंड उघडलं. सावकाश, डोळे मिटून त्यांनी तो तुकडा संपवला. नंतर आपणच ताट पुढे ओढलं, भात कालवला, अख्खा बोंबील खाल्ला.

"अजून आहे का गं?" त्यांनी विचारलं.

मी उठले आणि तवा पुन्हा तापत ठेवला.