मागच्या दाराचा सेन्सर

मी देवळी गावात कॅमेरे आणि डोअर-सेन्सर बसवायचं काम करतो. कोणी भुताखेताची गोष्ट सांगू लागलं की मी आधी "वायरिंग तपासलं का?" असं विचारायचो... आमच्या घरी भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या, गंडेदोरे कधी उंबऱ्याच्या आत आले नाहीत. तरी हे लिहितोय, कारण मनातून जात नाही.

वामनकाका गावाच्या टोकाला एकटे राहायचे. शकुनकाकू गेल्यावर त्यांच्या पुण्यातल्या मुलाने, नितीनने, माझ्याकडून पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना वायरलेस सेन्सर बसवून घेतले. दार उघडलं की त्याच्या मोबाईलवर मेसेज. काकांना घर सोडायचं नव्हतं आणि नितीनची अट एकच – सेन्सर नीट चालले तर राहा, नाहीतर पुण्याला चला.

पुढचा चोख. मागचा मात्र रोज संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास 'ऑफलाइन', वीसेक मिनिटांनी आपोआप परत. सेल बदलला, राउटर जवळ आणला. शेवटी दोन्ही सेन्सरांची अदलाबदल केली, तर पुढे ठणठणीत चालणारा मागे लागताच साडेपाचला गेला. इथे माझी अक्कल संपली.

मग एक दिवस मीच त्या वेळी काकांसोबत मागच्या खोलीत बसलो. पाच एकतीसला ऑफलाइन. दाराला कडी.

"काका, काऊन बंद पडून राह्यलं असन हे?"

काका दाराकडे पाहत म्हणाले, "कापूस वेचणाऱ्या बाया याच टायमाले वावरातून परत येतात. शकुन पयले सोताच वेचणीले जायची. मंग रोज हे दार उघडून त्याइले पाणी द्यायची, दोन गोष्टी करायची. ते गेली अन् म्या दार लावून टाकलं."

ते उठले, कडी काढून दार उघडलं. माझ्या मोबाईलवर लगेच 'ऑनलाइन'. दारात कोणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून काका साडेपाचला दार उघडून, बाहेर माठ ठेवून बसू लागले. कनेक्शन एकदाही तुटलं नाही. मी खुशीत नितीनला कळवलं – सेन्सर ओके. पण त्याच्या मोबाईलवर आता रोज 'मागचं दार उघडलं' येऊ लागलं. एकटा म्हातारा माणूस दार उघडं टाकून बसतो, म्हणून तो आला आणि काकांना घेऊनच गेला. दार उघडल्याने काय होईल, हा विचार मी केलाच नव्हता. ते अजून मला खातं.

गाडीत बसताना काका एवढंच म्हणाले, "माठात पाणी भरत जाजो बाबू." मी हो म्हटलं. एकदाही गेलो नाही.

घरावर लक्ष राहावं म्हणून नितीनने राउटर चालूच ठेवलाय. बंद घरातला तो सेन्सर काका पुण्याला गेल्यापासून एकदाही ऑफलाइन गेलेला नाही.

गेल्या आठवड्यात नितीनचा फोन आला. पुण्यात नवव्या मजल्यावर बाल्कनीच्या दाराला त्याने नवा सेन्सर लावलाय, दुसऱ्याच कंपनीचा.

"भाऊ, इथं बी रोज साडेपाचले कनेक्शन जाऊन राह्यलं. काय करू?"

भिंती, शेजाऱ्यांचं वायफाय, सेल... सांगायला पुष्कळ होतं. खरं कारण मला तेव्हा कळलं नव्हतं, आजही कळलेलं नाही.

"काकाले दार उघडू दे," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा माठ भरायला गेलो.